द्वारकेच्या पश्चिमेचा डोंगर

रविवारी सकाळी दहाला फोन यायचा, म्हणून सौंदडच्या पाटलेंच्या घरी नवापासून कोणी मोठ्याने बोलत नसे.

त्यांचा मुलगा धनेंद्र तीन महिन्यांपूर्वी बँकॉकच्या हॉटेलात नोकरी म्हणून गेला. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर भेटलेल्या एजंटाने सगळं जुळवून दिलं होतं. बँकॉकला उतरल्यावर गाडीत घालून त्याला थेट कंबोडियात नेलं, एका उंच कुंपणाच्या आत. तिथे दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून अनोळखी माणसांना फसवायचं काम. पासपोर्ट काढून घेतला. एवढं एका चोरून धाडलेल्या मेसेजमधून कळलं, मग मेसेजही बंद झाले. उरला तो आठवड्याचा फोन. पाच मिनिटं, स्पीकरवर, हिंदीत, शेजारी मुकादम बसलेला, त्याला मराठी येत नव्हतं. घरच्यांनी तक्रार करू नये म्हणून "मजेत आहे" एवढं सांगायचं.

धनेंद्रच्या बापाने, ग्यानीरामने, तरी तक्रार केलीच होती. सरकारी हेल्पलाइनवरच्या बाईंनी आडपडदा ठेवला नाही. "काका, नुसत्या देशाच्या नावावर काही होत नाही. प्रांत सांगा, जिल्हा सांगा, जागा सांगा. पोलीस चुकीच्या दारावर गेले तर टोळीला सुगावा लागतो. मग माणसं कुठे हलवतात, पत्ता लागत नाही."

फोन वाजला. सोनिकाने, धनेंद्रच्या धाकट्या बहिणीने, तो मधोमध ठेवला.

"बाबूजी, सब बढ़िया है," धनेंद्र म्हणाला. मग दुसऱ्याच कोणाला तरी, "भैया, आज एकादशी है. घर में आज के दिन मैं कीर्तन सुनाता हूँ. दो मिनट?"

"गा ले, भगतजी, गा ले," कोणीतरी हसलं.

ग्यानीराम फोनकडे वाकला. एकादशी चार दिवसांपूर्वीच होऊन गेली होती, उपास त्याने स्वतः धरला होता.

धनेंद्रने द्वारकेचं वर्णन धरलं. हे आख्यान या घरात सगळ्यांना पाठ. दर सप्ताहात बुवा रंगात आले की ग्यानीराम पुढच्या रांगेत मान डोलावत बसे, आणि लहानगा धनेंद्र त्याच्या मांडीवर टाळ वाजवी. पण आजच्या ओव्या कुठल्याच बुवांच्या नव्हत्या.

*पश्चिमेस उंच गिरी। त्यामागे सूर्य उतरी। सागराची लाट परी। दक्षिणेला॥*

*पाच वेळा हाक होई। नदीकडून ऐकू येई। पिवळे साधू दुज्या ठायी। घंटा देती॥*

*मध्ये मिठाची शेते। उन्हात चमकती येथे। लोखंडी वाटेने जाते। रथमाला॥*

आवाज जरा कापला, पण ताल सुटला नाही.

*तिसऱ्या दिवशी प्रभाता। नगरी सोडावी आता। पुढली न कळे वार्ता। कोणासही॥*

"बस, हो गया," मुकादम म्हणाला आणि फोन कटला.

धनेंद्रच्या आईने, रामकलीने, कपाळावर हात मारला. "सप्पा इसरला पोट्टा! द्वारकेत डोंगर कुठचा आला? पश्चिमेले तं समुद्र हाय. उपाशी ठेवून राहिले वाटते त्याले."

"चूप राय वो!" ग्यानीराम उठून उभा राहिला. "इसरला नाही तो. सांगून राहिला. जे द्वारकेत नाही, ते तिथं हाय. सोनिका, लिव."

"बाबा, तिसरा दिवस म्हणजे?" सोनिकाची पेन्सिल थांबली. "आजचा धरून का सोडून?"

"धरूनच समज. मंगळवारी सकाळी हलवतील."

सोनिकाने मोबाईलवर नकाशा उघडला. कंबोडियाचा किनारा चार प्रांतांत वाटलेला. त्यातल्या दोहोंचा समुद्र बहुतेक पश्चिमेला, तिथे सूर्य पाण्यातच बुडायचा, ते गेले. उरले कांपोत आणि केप. कांपोतच्या पश्चिमेला भलाथोरला डोंगर होता. पण केप एवढासा असला तरी त्याच्या पूर्व भागातून बघितलं तर तिथलाही डोंगर पश्चिमेलाच पडत होता.

"पाच वेळा हाक म्हणजे पाच आरत्या," ग्यानीराम म्हणाला. "काकड्यापासून शेजारतीपर्यंत. आपलंच मंदिर शोध."

संध्याकाळ झाली. दोन्ही प्रांतांत पाच आरत्यांचं मंदिर काही सापडेना. सगळीकडे बौद्ध विहार, पिवळ्या वस्त्रांचे भिक्खू. ग्यानीरामने चष्मा काढून ठेवला. आपणच चुकत असू, ही शंका त्याला पहिल्यांदा आली, आणि ती काही केल्या हटेना.

रामकली दाराशी बसली होती. "मी गोंदियाले माहेरी बिड्या वळत होतो तवा मशिदीची बांग पाच डाव ऐकू ये," ती म्हणाली. "तिच्यावर आमी कामाचा टैम धरो. तुमाले आरतीच काऊन दिसते हो सगळीकडं?"

ग्यानीराम तिच्याकडे वळला. "आधी काऊन नाही सांगितलं?"

"तुमी चूप राय म्हनलं नं."

सोनिका भराभर वाचू लागली. देश जवळजवळ सगळा बौद्ध. मुसलमान थोडेच, चाम म्हणतात त्यांना, किनाऱ्यावर आणि नदीकाठी मासे धरणारे. केपला नदी नव्हती. कांपोतला होती, तिच्या मुखाशी चाम लोकांची वस्ती होती, वस्तीत मशीद. रेल्वेही त्याच प्रांतातून जात होती.

प्रांत ठरला. जिल्हा राहिला, आणि नदीच्या मुखाशी ते दोन होते, एक शहराचा, दुसरा शहराला वेढून बसलेला. सोमवारी दुपारी उपग्रहाच्या चित्रात मिठागरांचे पांढरे चौकोन सापडले. नदीकडे मशीद, पलीकडे विहार, उत्तरेला रुळाची रेघ. चौकोनांच्या कडेला एकच तीन मजली इमारत, भोवती भिंत, रस्त्याला एकच फाटक. ती शहराच्या हद्दीबाहेर होती.

"वेढणारा," सोनिका म्हणाली. तिने इमारतीवर बोट ठेवलं.

ग्यानीरामने फोन लावला. बाईंनी सगळं लिहून घेतलं. "काका, खात्री आहे? उद्या तिथे काही निघालं नाही तर दुसरी संधी मिळेलच असं नाही."

त्याने रामकलीकडे पाहिलं. ती पदराचं टोक पिळत होती.

"हाय खात्री."

"कशावरून?"

"पोरानं कीर्तन केलं, बाई."

पलीकडे कीबोर्ड वाजू लागला. मग बाई म्हणाल्या, "मी आत्ताच पुढे पाठवते."

मंगळवारची सकाळ उलटली. चूल पेटली नाही. बारा वाजले, दोन वाजले. ग्यानीराम नाम घेत होता, पण मधेच मोजणी चुकायची. आपण लेकाला वाचवलं की त्याच्या मुकादमाला सावध केलं? चार वाजता अनोळखी नंबर वाजला.

"बाबा." घरच्या झाडीबोलीत, स्पीकर नाही, हिंदी नाही. "आमी पोलीस ठाण्यात हावो. आमी सतरा जण. पहाटे गाडीत बसवत होते, तेवढ्यात आले पोलीस."

रामकली हमसून रडू लागली.

"मार लागला का गा?" ग्यानीरामने विचारलं.

"थोडा. बाबा, ऐका. यातल्या नऊ जणांच्या घरी काहीच मालूम नाही. त्यांच्याकडं इथं फोन नाही. हा फोन मले दहाच मिनिटं देलाय."

"मंग आमच्याशी कायले बोलत बसला? सांग नावं. सोनिका, लिव! नाव, गाव, जिल्हा, घरचा नंबर, सगळं नीट."

नऊ नावं नंबरांसकट उतरली, बिहारची, तेलंगणाची, एक भंडाऱ्याचं. फोन बंद झाला तसा ग्यानीरामने डोळे पुसले, चष्मा लावला आणि पहिला नंबर दाबला. तिकडे एका बाईचा घाबरलेला आवाज आला.

"माताजी," ग्यानीराम मोडक्या हिंदीत म्हणाला, "आपका लड़का जिंदा है. बैठ जाओ पहले, फिर सुनो."