आबांच्या हाताचं माप

आबा गेल्यावर रोहायूनं वडिलांची आठवण म्हणून घरातली एकच वस्तू मागून घेतली: त्यांचं मासेमारीचं रीळ. मग दर शुक्रवारी ते काठीला लावून ती देरामानांच्या होडीत आबांच्या जागेवर बसू लागली. देरामान आबांचे जुने सोबती. मलेशियातल्या तेरेंगानूच्या धक्क्यावर त्यांचं रिळं दुरुस्त करायचं दुकान. सगळे त्यांना पाक सू म्हणत.

रीळ दांडगं होतं. त्याची दांडी बोटांच्या बेचक्यात धरली की रोहायूची तर्जनी दोऱ्यापर्यंत पोचत नसे, आणि फिरवायची मूठ म्हणजे बदकाचं अंडंच. चार शुक्रवारांत तिच्या हातून तीन सुरमया निसटल्या. शेवटी पाक सूंनी तिला दुकानात बोलावून ऐकवलं, की मासे सोडून द्यायला होडीत मी एकटा पुरे आहे. येत्या शुक्रवारी हाताला बसेल असं रीळ आण, नाहीतर किनाऱ्यावर बस.

तिनं रीळ छातीशी धरलं. आबांनी अकरा वर्षं वापरलेलं रीळ बदलायचं, तर त्यांच्या जागेवर बसायचं तरी कशाला, असं ती म्हणाली. आबांचा हात मोठा होता, तिचा नाही, एवढंच. होईल सवय.

"मोठा?" पाक सूंनी चष्मा कपाळावर ढकलला. "रुस्दीचा? तुझ्या बापाचा?"

ते उठले आणि त्यांनी फळीवरून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. आत लहानसं रीळ होतं, खाऱ्या पाण्यानं पार काळवंडलेलं.

"हे त्याचं. तुझ्याकडचं ते कॉफीच्या टपरीसमोरून मिरवत आणायचं. होडीत चढला की माझ्या खोक्यात. अकरा वर्षांत त्या मोठ्या रिळाला समुद्राचा थेंब लागला नव्हता, पोरी."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"शब्द दिला होता. घरी कळता कामा नये, म्हणाला. कधीपर्यंत, ते सांगायचं राहिलं त्याचं."

रोहायूला राग यायला हवा होता. तिला आठवत होता तो भलाथोरला हात, ज्यात तिची अख्खी मूठ मावायची; पण तेव्हा ती सात वर्षांची होती. त्यानंतर तो हात तिनं कधी नीट पाहिलाच नव्हता.

तिनं लहान रीळ उचललं. मुठीचं रबर एका बाजूनं झिजून खोलगट झालं होतं. तिचा अंगठा तिथं आपसूक बसला. दुसऱ्या हाताची तर्जनी सहज दोऱ्यावर आली. मान खाली घालून ती बराच वेळ मूठ फिरवत राहिली. पाक सू उगाचच एक स्क्रू शोधू लागले.

"याला तेल घाला," शेवटी ती म्हणाली.

"घालून ठेवतो. भरती सहाची आहे," पाक सू म्हणाले. "बापासारखा उशीर करू नकोस."