घासलेली इस्त्री

"ही घासली कोणी?" जुन्या वस्तू घ्यायला घरी आलेल्या दुकानदाराने इस्त्री उलटीसुलटी करून विचारलं.

"मी," मी म्हटलं. "राख, लिंबू आणि दोन दिवसांची मेहनत. तुमच्या दुकानात आहे का एक तरी वस्तू एवढी लखलखीत?"

त्याने मुठीवरून बोट फिरवलं आणि इस्त्री हलकेच टेबलावर ठेवली.

ही आमच्या ह्यांची कोळशाची इस्त्री. जिन्याखालच्या कोपऱ्यात उभं राहून ह्यांनी जन्मभर लोकांचे कपडे कडक केले. लोक खाली बघून गठ्ठा टाकायचे, खाली बघूनच उचलून न्यायचे. ह्यांना काही नाव असेल हे कुणाच्या गावीही नव्हतं. "ए इस्त्री" म्हटलं की हे वळायचे. गेल्या महिन्यात तिथेच, उभ्या उभ्या कोसळले. शेजारणी म्हणतात, ही रडली कशी नाही. रडायला वेळ कुठे होता? कुठला कपडा कुणाचा, ते लावून घरोघर पोचवायचे होते.

ते झाल्यावर सून म्हणाली, "आई, बाबांची इस्त्री अँटिक आहे. देऊन टाकू या."

"अँटिक म्हणजे गं काय?"

"जुनं. लोक हौसेने घेतात. काचेच्या कपाटात ठेवतात, आल्यागेल्याला दाखवतात."

"जुनंच हवंय तर मला ठेवा कपाटात. दार तेवढं उघडं ठेवा, मला मधूनमधून बोलायला लागतं."

मुलगा हसला. सून हसली नाही. माझं बोलणं तिला लागतं, आणि लागावं म्हणूनच मी बोलते.

पण ते काचेचं कपाट माझ्या डोक्यात बसलं. ज्या माणसाकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही, त्याची इस्त्री लोक थांबून बघणार. मी हो म्हटलं. आणि चार लोक बघणार म्हटल्यावर ती काय मळकी पाठवायची? ह्या घरातून डाग घेऊन काही बाहेर गेलेलं नाही. पितळ घासलं. लाकडी मूठ काळीकुट्ट झाली होती, ती पॉलिश पेपरने खरवडून पांढरी केली. हे डावखुरे, अंगठ्याच्या जागी मुठीला चांगला खड्डा पडला होता. तोही घासून सारखा केला.

"मूठ पहिल्यापासून अशीच होती का, आजी?" दुकानदाराने विचारलं.

"छे! खड्डा होता इथे. घामाने काळी पडली होती नुसती."

"तोच तर हवा होता."

"खड्डा?"

"जुनं तर भंगारातही असतं. वापरणाऱ्याचा हात वस्तूवर दिसला, झीज, काळपटपणा, की तिला आम्ही अँटिक म्हणतो. तो हात एकदा गेला की मागून आणता येत नाही. आता हे नुसतं पितळ."

"आई, विचारायचं तरी!" सून म्हणाली.

"तू सांगायचं तरी!"

मुलगा खिडकीबाहेर बघत राहिला.

दुकानदार चपला घालता घालता थांबला. "त्यांच्या हातातली दुसरी काही वस्तू आहे?"

मी आठवून पाहिलं. कपडे देऊन टाकले. जिन्याखालचा कोपरा धुऊन मालकाच्या ताब्यात दिला. राहिलं होतं फक्त इस्त्रीखाली अंथरायचं कांबळं. मधोमध इस्त्रीच्या आकाराचा जळका डाग, आणि कडेला, जिथे हे दमले की कोपर टेकायचे, तिथे एक गुळगुळीत काळी जागा.

"नाही," मी म्हटलं.

तो गेला. मी इस्त्री उचलून फळीवर ठेवली आणि मोरीत गेले. कांबळं सकाळीच सोड्याच्या पाण्यात भिजत घातलं होतं. ते वर काढलं, न पिळता दांडीवर टाकलं. जळका डाग तेवढा सापडला. कोपराची जागा हाताने चाचपून पाहिली, पण ओलं कांबळं सगळीकडे सारखंच लागत होतं. बादलीतलं पाणी मात्र काळं झालं होतं.

संध्याकाळी सून मोरीच्या दाराशी आली. आवाज खालचा होता.

"आई, बादली रिकामी करू का? मला लागतेय."

"दुसरी घे," मी म्हटलं.