दाखवायचा कोपरा

गवंड्याने स्टुलावर चढून तळहात छताला टेकवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. स्टूल दोन पावलं सरकवलं, पुन्हा चढला. असं करत करत तो अख्खी खोली चाचपत निघाला.

"बाबा, छताचा ताप बघताय का?" सून दारातून हसत म्हणाली. तिच्या खांद्यावर वीस दिवसांचं बाळ होतं. "मग औषध काय देताय?"

तो हसला नाही. खिडकीजवळच्या कोपऱ्यात त्याचा हात छताला टेकला आणि तिथेच राहिला. इथे छत गार होतं, रांजणाच्या पोटासारखं.

म्हणजे हीच ती, त्याच्या हातून बांधली गेलेली इमारत. लेकीकडून तो कालच इथे आला होता. मुलाने घर घेतलं तेव्हा त्याला विचारलं नव्हतं. सकाळी गच्चीवरच्या जोड टाक्या बघितल्या तेव्हाच त्या ओळखीच्या वाटल्या होत्या.

नियम असा, की शेवटच्या मजल्याच्या छतावर, फरशीखाली, ऊन अडवणाऱ्या फोमच्या जाड तक्त्यांचा थर हवाच. फरशी बसली की खाली काय दडलंय ते कुणालाच दिसत नाही, म्हणून तपासनीस येईपर्यंत एक कोपरा उघडा ठेवायचा. तपासनीस त्यात सुई खुपसायचा, जाडी लिहून घ्यायचा, सही करायचा. गवंडी त्याला 'दाखवायचा कोपरा' म्हणत. ठेकेदार तक्तेही तेवढ्यापुरतेच पाठवायचा. बाकी साऱ्या छतावर नुसता सिमेंट-वाळूचा माल आणि फरशी.

"तू जाणार आहेस का इथं राहायला?" ठेकेदार म्हणायचा. सगळे हसायचे. तोही हसला होता.

"पोरी, पाळणा या कोपऱ्यात घे."

"तिथे? पंखा तर मधोमध आहे, बाबा."

"पंखा वरची धगच खाली ढकलतो. इथे घे."

"अहो, पाच तारे आहेत आपल्या घराला!" तिने दारामागे बोट दाखवलं. घर उन्हात गार राहतं, असं सांगणारं प्रमाणपत्र मुलाने चौकटीत घालून लावलं होतं. "हे त्याच्यावरच तर भाळले. म्हणाले, बाळाला घामोळंसुद्धा येणार नाही."

सांगून टाकावं, असं त्याच्या ओठांवर आलं. बाळाने जांभई दिली. एवढ्याशा मुठी, लाललाल. त्याने पाळणा स्वतःच ओढत नेला.

"म्हाताऱ्याचा हट्ट समज."

"बरं बाई," म्हणत तिने बाळ निजवलं आणि दोरी हलवत गुणगुणू लागली,

उन्हा, बाहेर थांब रे, तान्हं निजलं घरात,
वर छत माउलीचं, पंख धरून उन्हात.

तो पाठमोरा होऊन स्टूल पुसत राहिला.

चार दिवसांत ऊन चढलं. भिंती संध्याकाळपर्यंत धगधगायच्या, नळाचं पाणी हाताला पोळायचं. आणि खरा उन्हाळा तर अजून लागायचाच होता. कोपऱ्यातलं बाळ मात्र गाढ झोपायचं.

पाचव्या दिवशी दुपारी शेजारच्या काकू आल्या. पदराने वारा घेत पाळण्याकडे बघत राहिल्या.

"आमचे हे दोन दिवस डोळा मिटत नाहीत हो. पाणी पाजलं तर ओघळून जातं. तुमची सून म्हणते, तुमच्या हाताला गार जागा कळते. आमच्याकडे तेवढी शोधून द्या ना. खाटेपुरती."

"काकू, त्यांना आमच्याकडेच आणा," गवंडी म्हणाला.

"दोघं माणसं लागतात उचलायला. आणि कुणाच्या घरी किती दिवस पडून राहणार? चला, भाऊ. नाही म्हणू नका."

काकूंच्या घरी लकवा मारलेला म्हातारा खाटेवर पडला होता. वाचा गेली होती, डोळे तेवढे जागे. गवंडी स्टुलावर चढला.

"इथे?"

"नाही."

"मग इथे बघा."

"नाही, काकू."

काकू स्टूल सरकवत राहिल्या. पहिला कोपरा, दुसरा, तिसरा. प्रत्येक वेळी त्यांचा आवाज थोडा बारीक होत गेला. चौथ्या कोपऱ्यात त्याने हात टेकवला. तळहात भाजत होता. काकू खालून बघत होत्या.

"इथे," तो म्हणाला.

"आहे ना? मला वाटलंच!" काकूंनी लगबगीने खाट ओढायला घेतली. "ऐकलंत का? सापडली हो जागा. आता निवांत झोपा."

खाट करकरत त्याच्या पायांशी येऊन थांबली. त्याने हात काढला नव्हता. म्हातारा पापणी न लववता त्या हाताकडे बघत होता.