पार्वतम्माच्या उशाशी भरलेला रांजण

मित्रांनो, माझ्या अंगाला उभी चीर गेली आहे. आता माझ्यात पाणी ठरत नाही, म्हणून मला दवाखान्याच्या मागच्या अंगणात ठेवले आहे. मी मातीचा रांजण. वय झाले, पण एक गोष्ट पोटात राहिली आहे. पाणी झिरपून जाते, गोष्ट झिरपत नाही. तेवढी ऐकून घ्या.

माझा जन्म कंधारचा. मन्याड नदीच्या गाळात लीद आणि राख मळून माझी माती तयार झाली. केरबा कुंभाराने मला चाकावर धरले, पण मोठे केले ते त्याच्या बायकोने, सरजाबाईने. आतून दगडी गोळा धरायचा, बाहेरून लाकडी थापीने हलके हलके थोपटायचे. असे तीन दिवस. थोपटताना ती गुणगुणायची :

थाप देते मी मातीला, माती झाली गं पोटुशी
कुणाकुणाची तहान, हिच्या वाढते कुशीशी

मी आव्याच्या भट्टीतून खणखणीत निघालो. कडब्यात गुंडाळून, बैलगाडीतून दोन दिवसांनी जळकोटला आलो आणि डॉक्टर सोनकांबळे यांच्या दवाखान्याच्या ओसरीवर बसलो. डॉक्टर याच भागातले. मजुरी करणाऱ्या आईबापांनी शिकवलेले. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक बाकडे आणि मी.

लातूर नवा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्याची ही गोष्ट. पाऊस आदल्या वर्षी नुसता तोंड दाखवून गेला होता. आडाच्या तळाशी बेडूकसुद्धा उरला नव्हता. तीन दिवसांनी टँकर यायचा आणि घराला दोन घागरी मिळायच्या. ते पाणी कुठून यायचे कोण जाणे. पण त्याच्याबरोबर हागवण आली. घरोघर माणसे आडवी झाली.

डॉक्टर पहाटे उठून मोठ्या भगोन्यात पाणी उकळायचे, निववायचे आणि फडक्यातून गाळून माझ्यात ओतायचे. खिळ्याला लांब दांड्याचे ओगराळे टांगलेले असायचे. माझ्यात कोणी हात बुडवला की डॉक्टर आतून ओरडायचे. मला या शिस्तीचा अभिमान वाटायचा. लोक म्हणायचे, या रांजणाचं पाणी म्हणजे निम्मं औषध. तरी काही जण घरून तांब्या घेऊन यायचे आणि माझ्याकडे पाठ करून पाणी प्यायचे. डॉक्टर ते बघायचे आणि पुढच्या आजाऱ्याला आत बोलवायचे.

समोर मलप्पांचे किराणा दुकान होते. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि जिभेला सदा धार. दुकान उघडायच्या आधी ते बाकड्यावर येऊन बसायचे. मग रोजचा खेळ सुरू व्हायचा.

"काय डॉक्टरसाब, आज बाजार काय म्हणतो?"

"गोवर उतरला, आप्पा. कावीळ जाग्यावर हाय. हागवण तेजीत. आवक लई."

"अन् खोकला?"

"खोकल्याला गिऱ्हाईक न्हाई. फुकट वाटून राहिलो."

ओसरीवरचे आजारी लोकही पोट धरून हसायचे, आणि पोट धरायला त्यांच्याकडे दुसरेही कारण होतेच. नव्या जिल्ह्यावरही दोघांची टिंगल चाले. डॉक्टर म्हणायचे, पूर्वी साथीची खबर उस्मानाबादला पोचेपर्यंत साथ दमून आपोआप जायची. आता लातूर जवळ आलं, तर साथीलाच घाई झाली. मलप्पा म्हणायचे, मग साथीला म्हणावं, आधी अर्ज कर, शिक्का आण, मंग गावात शिर.

एवढे बसायचे, पण माझ्यातले पाणी मलप्पांनी कधी घेतले नाही. डॉक्टरांनी पेला पुढे केला की म्हणायचे, पूजा व्हायची हाय. त्यांच्या घरी नेमच तसा. अंघोळ करायची, इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करायची, आणि मगच पाण्याचा घोट. कधी दुपारी विचारले तरी तेच उत्तर. तेव्हा डॉक्टर हसून म्हणायचे, आप्पा, तुमची पूजा लई लांबते.

एका सकाळी मलप्पा आले ते बाकड्यावर बसले नाहीत. डॉक्टर आतूनच म्हणाले, "आप्पा, आज हागवण अजून चढली बरं का."

"आमच्या घरी आली, साहेब," मलप्पा म्हणाले. "अव्वाला रात्रीपासून बारा वेळा झालं."

अव्वा म्हणजे त्यांची आई, पार्वतम्मा. तिला बाजेवर घालून आणले होते. मागे सून उमाबाई, डोईवर पदर घट्ट ओढलेला. आतल्या दोन्ही खाटा भरल्या होत्या, म्हणून पार्वतम्माची बाज ओसरीवर ठेवली. तिचे उसे अगदी माझ्याजवळ आले. तिचे डोळे आत गेले होते. डॉक्टरांनी हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली.

सलाईनच्या बाटल्या आदल्या दिवशीच संपल्या होत्या. कंपाउंडर व्यंकटी त्या आणायला उदगीरला गेला होता. त्याची एसटी संध्याकाळी. तोवर एकच उपाय होता. डॉक्टरांनी ओगराळ्याने माझ्यातले पाणी मोठ्या तांब्यात घेतले, सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ढवळले. चमचा भरून तिच्या ओठांशी नेला.

तिने ओठ मिटले.

"अंघोळ न्हाई, पूजा न्हाई," ती म्हणाली. "पाणी कसं घेऊ?"

"अव्वा, हे पाणी न्हाई. औषध हाय."

"औषधात पाणीच हाय की, लेकरा."

तिच्या आवाजात राग नव्हता. उलट डॉक्टरांचीच समजूत काढावी तशी ती बोलली. साठ वर्षे पाळलेला नेम तिला शेवटच्या दिवसांत मोडायचा नव्हता.

मलप्पांनी विनवले, मग रागावले, मग रडले. घरातल्या दोन्ही घागरी तिचे कपडे धुण्यातच संपल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, रांजणातलं पाणी घ्या आणि घाला अंघोळ. पण तिला उठवून बसवताच पुन्हा झाले, लुगडे पुन्हा भरले. ती मान हलवत म्हणाली, अशा अंगानं लिंग हातात कसं धरू? ओसरीवर आणखी पाच माणसे माझ्याकडे डोळे लावून पडली होती. किती वेळा धुणार आणि कशाने?

मग ठरले की जंगम स्वामींना, म्हणजे त्यांच्या घरच्या गुरूंना, विचारावे. शिवलिंग स्वामींनी सांगितले तर अव्वा ऐकेल. मलप्पा पळत गेले आणि तसेच परत आले. स्वामी उदगीरला लग्न लावायला गेले होते.

मित्रांनो, तेव्हा मी काय करू शकत होतो? तिचा कोरडा श्वास माझ्या अंगाला लागत होता. माझ्या बाहेरच्या अंगावर थेंब फुटत होते, आणि मला वाटे, यातला एक तरी तिच्या ओठावर पडावा. पण रांजणाला हात नसतात. डॉक्टरांना हात होते, तेही चमचा धरून थांबले होते. एकदा त्यांनी तिची हनुवटी धरली आणि लगेच सोडली. बळजबरीने नेम मोडला, तोही आपल्या हाताने, तर हे घर काय म्हणेल, हा विचार त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसला.

ऊन ओसरीच्या पायरीवर चढले. तिचे बोलणे थांबले.

तेव्हा खांबाआडून उमाबाई हळूच म्हणाल्या, "आमच्या माहेरी पाणी नसलं तर भस्मानं न्हाऊ घालतात. भस्मस्नान. ते बी चालतं."

सगळे वळून त्यांच्याकडे पाहू लागले. त्या सकाळपासून तिथेच उभ्या होत्या. त्यांना कोणी काही विचारले नव्हते, आणि सासू, नवरा आणि डॉक्टर यांच्या मध्ये आपण काय बोलायचे, म्हणून त्याही बोलल्या नव्हत्या.

मलप्पांनी भस्माची डबी आणली. उमाबाईंनी सासूच्या कपाळाला, दंडांना, छातीला भस्म लावले. इष्टलिंग तिच्या तळहातावर ठेवले. तिला ते पेलवेना, तेव्हा खालून आपला हात धरला. पार्वतम्माने डोळे उघडून लिंगाकडे पाहिले. मग तिने आपणहून तोंड उघडले.

पहिला चमचा तिने गिळला. दुसराही गिळला. तिसरा ओठाच्या कडेने खाली उतरला.

डॉक्टरांनी नाडी धरली. ती थांबली होती, तरी त्यांनी बराच वेळ हात सोडला नाही.

संध्याकाळी एसटी आली. त्या एकाच गाडीतून व्यंकटी बाटल्यांचे खोके घेऊन उतरला आणि शिवलिंग स्वामीही उतरले. मलप्पांनी त्यांना सगळे सांगितले. स्वामी पायरीवर बसले. मग म्हणाले, "आजाऱ्याला नेम नसतो, मलप्पा. मी हेच सांगितलं असतं."

एवढे एक वाक्य त्या दिवशी गावात नव्हते, इतकेच.

नंतर डॉक्टर ओसरीवर येऊन उभे राहिले. व्यंकटीला म्हणाले, मी म्हातारीशी वाद घालत बसलो. सुनेला विचारायचं मला सुचलं न्हाई.

त्यानंतर पाऊस आला, नळ आला, प्लास्टिकची टाकी आली. डॉक्टर थकले आणि लेकाकडे लातूरला गेले. नव्या लोकांनी मला ओसरीवरून खाली ढकलले, तेव्हा ही चीर गेली. त्याचे मला वाईट वाटत नाही. मातीचे आयुष्य एवढेच.

पण मित्रांनो, तुमच्या घरी कोणाला हागवण लागली, तर पाणी थांबवू नका. उकळून निववलेले पाणी घ्या, त्यात साखर-मीठ घाला आणि घोटाघोटाने देत राहा. अंघोळीसाठी थांबू नका, पूजेसाठी थांबू नका, एसटीसाठी थांबू नका. नेमाची अडचण आली, तर घरात जे कोणी गप्प उभे असेल, त्याला आधी विचारा. कदाचित त्याला ठाऊक असेल.

ती सकाळ माझ्यातून जात नाही. पार्वतम्माला तहान लागली होती. आणि मी तिच्यापासून हातभर अंतरावर, काठोकाठ भरलेला होतो.