हाकेला ओ

"पुन्हा म्हणा," बायको म्हणाली.

"या, या. लिफ्ट उजव्या हाताला आहे."

"अहो, लिफ्ट उजव्या हाताला आहे हे पलीकडच्या गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा कळलं. हळू."

"हळूच तर बोलतोय!"

"हे हळू? मग ओरडता तेव्हा काय छप्पर उडवता?"

क्रेनवाल्याने चहाचा कप खाली ठेवला आणि घसा खाकरला. ते खाकरणंही असं, की खिडकीवरचं कबुतर उडून गेलं. बायकोने कपाळावर हात मारला. तिला हसू येत होतं, पण हसून चालणार नव्हतं. आठवडाभर सकाळी कामाला निघायच्या आधी ही शिकवणी चालली होती आणि विद्यार्थी काही केल्या पुढच्या इयत्तेत जात नव्हता.

"जित्याची खोड आहे ही," ती म्हणाली. "पण घालवायलाच हवी. काय म्हणाली ती मॅनेजरबाई, विसरलात का?"

"विसरेन कसा? रोज सकाळी तूच आठवण करून देतेस."

आता यात त्याचा एकट्याचा काय दोष? या गावात हळू बोलणारा माणूस म्हणजे एक तर आजारी, नाहीतर बाहेरचा. पोलादाच्या कारखान्यात उभी हयात गेलेली माणसं. तापून लाल झालेल्या पोलादी पट्ट्या रुळांवरून धडधडत पुढे जायच्या, कापणारं यंत्र किंचाळायचं, आणि त्या गदारोळात शेजारच्याला तंबाखू मागायची तरी फुप्फुसं पणाला लावावी लागायची. घरी आल्यावर आवाज खाली कोण आणणार? नवरे ओरडून बोलायचे म्हणून बायका ओरडायच्या, आई-बाप ओरडायचे म्हणून पोरं. बाहेरगावचे पाहुणे पहिल्या दिवशी घाबरून विचारायचे, "भांडण कशावरून झालं?" भांडण कसलं डोंबलाचं, मीठ मागितलं होतं.

मग कारखाना बंद पडला. एकदम पडला असता तर माणसांनी एकदाच रडून घेतलं असतं. आधी एक भट्टी थंड झाली, मग दुसरी, मग पाळ्या कमी झाल्या, मग नुसते पहारेकरी उरले आणि शेवटी पहारेकऱ्यांना घालवून गवत आलं. कित्येक वर्षं कारखान्याच्या त्या शेडमध्ये पाऊस आणि भटकी जनावरं राहत होती. तरणी पोरं गाव सोडून गेली. क्रेनवाल्याचा मुलगाही गेला. आणि आता, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, कुण्या मोठ्या कंपनीला त्या शेडचं प्रेम आलं. पत्रे बदलले, काचा लावल्या, आत चकचकीत फरशी घातली आणि बुटांची, अत्तरांची, खेळण्यांची दुकानं थाटली. क्रेन तेवढी वर, छताखाली, तशीच ठेवली, पिवळा रंग देऊन. तिच्या आकड्याला दिव्यांची माळ लटकवली. लोक खाली उभे राहून तिच्यासकट फोटो काढतात.

ज्या केबिनमध्ये बसून त्याने तीस वर्षं लोखंड उचललं, तिच्याच खाली, मुख्य दाराशी, क्रेनवाला आता गणवेश घालून उभा असतो. मिशी काढायला सांगितली, काढली. टोपी घालायला सांगितली, घातली. कुणी काही विचारलं तर सांगायचं, बाकी वेळ हसतमुख राहायचं. काम वाईट नाही. पाय दुखतात, एवढंच.

पण खरी गोष्ट पगाराची नव्हतीच. कंपनीच्या जुन्या चाळी पाडायचं काम सुरू होतं. ओळीमागून ओळ जात होती आणि यांच्या भिंतीवरही लाल फुली पडली होती. जो नव्या ठिकाणी नोकरीला, त्याला मागच्या इमारतीत एक खोली. नोकरी गेली की खोली गेली, आणि खोली गेली की मुलाकडे.

मुलाकडे ती दोघं एकदा राहून आली होती. नातवंड तान्हं होतं. आजोबा बोलले की ते दचकून उठायचं आणि रडून आकाशपाताळ एक करायचं. सून तोंडातून चकार शब्द काढायची नाही. नुसती यायची, आणि त्यांच्या खोलीचं दार बाहेरून अलगद ओढून घ्यायची. त्या दाराकडे बघत दोघं पलंगावर बसून राहायची, बोलायची चोरी असल्यासारखी. परतीच्या गाडीत बायको एवढंच म्हणाली, "मी इथेच मेले तरी चालेल. त्या दारासमोर पुन्हा नाही बसायची."

म्हणून ही शिकवणी.

आणि मॅनेजरबाईची ताकीद आली ती हुकवाल्यामुळे.

हुकवाला म्हणजे त्याच शेडमध्ये खाली उभा राहून क्रेनच्या आकड्याला ओझं अडकवणारा. एक वर, एक खाली, अशी दोघांची जन्माची जोडी. शेडचा एक नियम होता. साहेबांनी केलेला नव्हे, माणसांनीच केलेला. दुसऱ्या एका शेडमध्ये एकजण न सांगता क्रेनखाली गेला होता. तो परत आला नाही. तेव्हापासून क्रेनखाली जाणाऱ्याने दारात उभं राहून हाक द्यायची, "खालून येतो रे!" आणि वरून ओ यायची, "ये रे, ये!" वरून ओ आल्याशिवाय पाऊल आत टाकायचं नाही. मग साहेब बोंबलू दे नाहीतर खुद्द मालक.

हुकवाल्याचे दोन्ही डोळे आता गढुळले होते, कान तर कधीच गेले होते, आणि अलीकडे मनही अधूनमधून मागच्या वर्षांत भटकून यायचं. तशाच एका सकाळी तो अंघोळ करून, केस चापून बसवून, मॉलच्या दारात येऊन उभा राहिला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "खालून येतो रे!"

क्रेनवाल्याने विचार केला नाही. विचार करायला वेळ कुणाला होता? त्याच्या गळ्यानेच उत्तर दिलं, "ये रे, ये!"

एका बाईच्या हातातलं आइसक्रीम पडलं. दोन पोरं रडायला लागली. पहारेकरी दांडकी घेऊन धावले; त्यांना वाटलं मारामारी जुंपली. हुकवाला मात्र खुशीत आत आला, इकडेतिकडे हात लावून बघितलं, आणि "आज फार गार आहे रे शेड" म्हणून निघून गेला.

मॅनेजरबाईने त्याला बोलावून घेतलं. पोरगी वयाने मुलीसारखी, स्वभावाने वाईट नव्हे. "काका, बसा," म्हणाली. "आवाजाबद्दल आधीही दोनदा सांगितलंय तुम्हाला. लोक घाबरतात हो. वरच्यांनी मला विचारलंय. आता पुन्हा झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

तो हळू आवाजात "बरं" म्हणाला. बाहेरच्या टेबलावरच्या मुलाने मान वर करून पाहिलं.

सुट्टीच्या दिवशी तो हुकवाल्याच्या घरी गेला. घर म्हणजे मुलीची एक खोली. हुकवाला दाराकडे तोंड करून बसला होता. क्रेनवाला समोर येऊन उभा राहिला तरी हलला नाही.

"काय रे म्हाताऱ्या!" क्रेनवाला मोकळ्या गळ्याने ओरडला.

"अरे तू होय!" हुकवाल्याचं तोंड उजळलं. "आवाजावरून कळलं बघ. नाहीतर समोर माणूस आहे की खांब, ते समजत नाही मला आता."

मग क्रेनवाल्याने ओरडून ओरडून सगळं सांगितलं. नोकरी, खोली, तक्रार. हुकवाला ऐकत होता, मान हलवत होता. "एवढंच ना? नाही देत हाक. तुझ्या पोटावर पाय देईन होय मी?" दोघं हसले, चहा प्यायले, मेलेल्या फोरमनला मनसोक्त शिव्या घातल्या. त्या तासाभरात क्रेनवाल्याला किती बरं वाटलं म्हणून सांगू! निघताना हुकवाल्याची मुलगी दारापर्यंत आली. "काका, आज कळलंय त्यांना, पण उद्या आठवेलच असं नाही. मी कामाला जाते. दाराला कुलूप लावून का ठेवू बापाला?"

तो म्हणाला, "नको गं, कुलूप नको."

आणि मुलगी म्हणाली तसंच झालं.

त्या दिवशी मॉलमध्ये गर्दी होती. वरच्या गॅलरीत मॅनेजरबाई दोन पाहुण्यांना क्रेन दाखवत होती. सूट घातलेले, बहुतेक मोठ्या कंपनीचेच. क्रेनवाला दाराशी उभा होता आणि सकाळची शिकवणी निमूटपणे अमलात आणत होता. या, या. लिफ्ट उजव्या हाताला. जमत होतं. एका आजींना तर दोनदा "काय म्हणालात?" विचारावं लागलं, तेव्हा त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं.

तेवढ्यात काचेचं दार बाजूला सरकलं आणि उंबऱ्याशी हुकवाला उभा. डोक्यावर कारखान्याची जुनी टोपी.

"खालून येतो रे!"

गर्दी थबकली. वरच्या गॅलरीतून तीन चेहरे खाली वळले. क्रेनवाल्याच्या गळ्यापर्यंत ओ आली होती. त्याने दात आवळून ती गिळली, लगबगीने पुढे झाला आणि हुकवाल्याचा दंड धरला. "ये, आत ये," तो कुजबुजला.

हुकवाल्याने दंड सोडवून घेतला. "थांबा हो साहेब. वरून ओ नाही आली अजून."

क्रेनवाल्याने त्याच्या कानाशी तोंड नेलं. "अरे, मी आहे. मीच."

"नको, नको. मला काही घ्यायचं नाहीये," हुकवाला म्हणाला. आणि मान वर करून, जिथे क्रेन असणार तिकडे बघत, पुन्हा ओरडला, "खालून येतो रे!"

माणसं पिशव्या सांभाळत दोघांना वळसा घालून जात होती. वर मॅनेजरबाईने ओठांवर बोट ठेवलं होतं, विनवणी केल्यासारखं. क्रेनवाल्याला बायको दिसली; पलंगावर, ओढून घेतलेल्या दारासमोर, हात मांडीवर ठेवून बसलेली. संध्याकाळी याच्या घरी जाऊन पोटभर ओरडू, त्याने मनाला समजावलं. आत्ता नाही. छातीत कळ उठावी इतका त्याने श्वास कोंडून धरला.

हुकवाला वाट बघत राहिला. पाय उंबऱ्याच्या अलीकडेच. तिसऱ्यांदा त्याने हाक दिली, पण ती पहिल्या दोन हाकांसारखी नव्हती. विचारल्यासारखी होती. मग तीही विरली आणि मॉलचं मंद संगीत तेवढं ऐकू यायला लागलं, अर्थात ज्यांना ऐकू येत होतं त्यांना.

"गेला," हुकवाला म्हणाला.

क्रेनवाल्याचा हात पुन्हा त्याच्या दंडाकडे गेला.

"तापाने फणफणला असला तरी वर बसून ओ द्यायचा हो. बाप गेला त्याचा, तर सकाळी अग्नी देऊन दुसऱ्या पाळीला हजर. तीस वर्षांत एक ओ चुकली नाही." त्याने डोक्यावरची टोपी चाचपली. "असा गप्प राहणारा माणूस नव्हता तो. गेलाच. आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही."

गढूळ डोळ्यांतून पाणी गालांवर आलं. त्याने ते पुसलं नाही. डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली आणि वर बघत ताठ उभा राहिला. मग शेजारी कुणी गणवेशातला माणूस आहे एवढं त्याला जाणवलं असावं.

"तुम्हीपण टोपी काढा हो साहेब, दोन मिनिटं," तो म्हणाला. "फार भला माणूस होता."

क्रेनवाल्याने टोपी काढली आणि त्याच्या शेजारी उभा राहिला.