दोघांच्या वजनाची गाडी

हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोटरसायकल चालवायला हरकत नाही, पण ही नको. हलकी बघा, बुटकी बघा, आरामात बसता येईल अशी बघा. मी हो म्हणालो. बायको गेल्यापासून जो तो मला आरामाचंच सांगतो. मुलीने मऊ चपला पाठवल्या. शेजाऱ्यांनी उंच खुर्ची आणून दिली, उठता-बसता त्रास नको म्हणून. एकट्याला पुरेल एवढं पातेलंही कुणीतरी दिलं. ते अजून खोक्यात आहे.

माझं अंग असं आहे: डावा गुडघा पूर्ण वाकत नाही, उजव्या मनगटात धातूची पट्टी आहे आणि कंबरेतली एक चकती सरकलेली आहे. हे सगळं एकाच वेळचं. वळणावर कुणाचं तरी डिझेल सांडलेलं होतं. मी एकटाच होतो. मी रस्त्यावर आणि गाडी माझ्यावर. त्याला बरीच वर्षं झाली आणि त्यानंतरही आम्ही दोघं त्याच गाडीवर हिंडलो. पण बायको गेल्यानंतरच्या वर्षभरात कंबर इतकी धरायला लागली, की बाजारापर्यंत जाऊन आलो तरी दुपारभर आडवं पडावं लागायचं.

जुनी गाडी द्यायची नाही, हे माझं ठरलेलं होतं. चालवणं सोडायचं नाही, हेही ठरलेलं होतं. मग दुसरी घ्यायची, एवढंच उरलं. जुनी आहे तशी दारात राहील, आमच्या दोघांची म्हणून. माझ्या हिंडण्याफिरण्याला दुसरी. फोनवर मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, एका माणसाला दोन गाड्या कशाला?"

"एका माणसाला चार खोल्या आहेत, त्याचं काही बोलत नाहीस," मी म्हणालो. फोन लवकर संपला.

मेहुणा म्हणाला, मी येतो तुमच्याबरोबर. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तोंडाला कुलूप नाही, पण मनाने चांगला. "तुम्हाला कुणीही टोपी घालेल, भावोजी. तुम्ही घासाघीस करत नाही, नुसते रुसून बसता."

जुन्या गाडीवरूनच गेलो. मी पुढे, तो मागे. त्या दिवशी कंबर फारशी दुखली नाही. मला वाटलं, सोबत होती म्हणून.

पहिल्या शोरूममध्ये एक लांबट, बुटकी गाडी होती. पाय पुढे पसरून बसायची. दिसायला आरामखुर्ची. बसलो आणि कळलं, सगळा भार माकडहाडावर येतो. पाय पुढे गेले की कंबर एकटी पडते. उतरताना मेहुण्याला हात द्यावा लागला.

"स्कूटर घ्या ना सरळ," तो म्हणाला. "पाय वर टाकायची भानगडच नाही. दारातून आत शिरल्यासारखं बसायचं."

स्कूटरही बघितली. चाकं लहान. रस्त्यातला प्रत्येक खड्डा विचारपूस करायला थेट मणक्यापर्यंत येत होता. आणि गुडघ्यांना धरायला मधे टाकी नाही, त्यामुळे सगळं वजन मनगटावर.

दुसऱ्या शोरूममध्ये मात्र हवी तशी मिळाली. मध्यम गाडी. सीट खाली, हँडल उंच आणि जवळ, पाय ठेवायला बरोबर गुडघ्याखाली जागा. क्लच इतका हलका की दोन बोटांनी दाबला जात होता. तिथल्या विक्री करणाऱ्या मुलीने मला मागच्या रस्त्यावर चक्कर मारू दिली. परत आलो तर मेहुणा माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "झालं! लग्न ठरलं!"

"थांब," मी म्हणालो. "आता तू चालव. मी मागे बसतो."

त्याला वाटलं, मी दमलोय. चक्कर मारून आलो आणि मी सांगितलं, "नको ही."

"का?"

"मागची सीट अरुंद आहे. पुढे उतरती आहे. ब्रेक मारला की मागचं माणूस पुढच्यावर येऊन आदळतं. आणि पाय ठेवायच्या दांड्या फार वर आहेत."

तिथल्याच आणखी दोन गाड्या मी तशाच नापास केल्या.

आमची रीतच तशी होती. जेव्हा जेव्हा गाडी घेतली, तेव्हा तेव्हा बायको आधी मागे बसायची. मी एक चक्कर मारायचो. तिने नाही म्हटलं, तर पुढची सीट कशी आहे हा प्रश्नच यायचा नाही. मी जन्मभर गाड्यांच्या गाद्या शिवल्या. मी म्हणायचो, अगं, सीटचं काय, मी नवी शिवून देतो. ती म्हणायची, "शिवणार तुम्ही, पण बूड माझं आहे. मला विचारा." शोरूमवाले हसायचे, ती हसायची नाही. खरंच विचार करून सांगायची.

तिसऱ्या गाडीलाही मी नाही म्हटलं, तेव्हा मेहुण्याचा तोल गेला.

"मागे कोण बसणार आहे, भावोजी?"

शोरूममधली मुलगी कॉम्प्युटरमध्ये बघायला लागली. मेहुणा बोलून गेला आणि त्याचं तोंड उतरलं. आपण काय करतोय हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एवढा वेळ मी दुसऱ्याच्या बुडासाठी गाडी बघत होतो, आणि ते दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"तुझ्या मागे बसायला बायको आहे ना," मी म्हणालो. "म्हणून तुला हे सुचतं."

तो बाहेर जाऊन गाडीपाशी उभा राहिला.

परत येताना क्लचची वायर अडकायला लागली म्हणून मिस्त्रीच्या गॅरेजवर थांबलो. मिस्त्री माझ्याच वयाचा. माझ्या धंद्यावरून मला गादीवाले म्हणतो.

"काय गादीवाले, दुसरी करताय म्हणे?"

"गाडी."

"मग मी गाडीच म्हणालो. तुमच्या मनात काय आहे?" तो हसला आणि वायरीला तेल सोडता सोडता त्याने सीटचा मागचा भाग दोन्ही हातांनी दाबला. गाडी दबलीच नाही. तो खाली वाकला.

"अहो, शॉकच्या स्प्रिंगा बघा कुठे आहेत. शेवटच्या खाचेवर. मीच कसले होते ना, वहिनींना..." तो थांबला.

हो, त्यानेच कसले होते. शेवटच्या आजारपणात औषधांनी तिचं अंग सुजायचं. बंद मोटारीत तिला मळमळायचं, म्हणून हॉस्पिटलला जायचं ते याच गाडीवरून. मागे ती, तिची पिशवी, पाण्याची बाटली. गाडीचं बूड खाली बसायला लागलं, म्हणून मी शॉकच्या स्प्रिंगा शेवटपर्यंत कसून घेतल्या होत्या. मग ती गेली. स्प्रिंगा तशाच राहिल्या.

"तुम्ही एकटे, त्यात वाळून खारीक झालेले," मिस्त्री म्हणाला. "ही गाडी दोघांच्या वजनावर लावलेली आहे. दगडावर बसून फिरताय तुम्ही. कंबर दुखणार नाही तर काय होणार?" त्याने पेटीतून वाकड्या नाकाचा पाना काढला. "खाली आणतो. सीटही बोटभर उतरेल, पाय टाकायला सोपं. नवी गाडी कशाला हवीय मग?"

"राहू दे," मी म्हणालो.

"अहो, कंबर..."

"कंबर माझी आहे."

मिस्त्रीने मेहुण्याकडे बघितलं. मेहुण्याने जमिनीकडे बघितलं. पाना परत पेटीत गेला.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मेहुणा आला. "चावी द्या जरा, माझी गाडी बंद पडलीय." मी दिली. दुपारी परत आला तो चावी बोटावर फिरवत. "जरा चालवून बघा, भावोजी."

पाय टाकतानाच कळलं. गुडघा न अडकता पलीकडे गेला.

मला तेव्हाच उतरायला हवं होतं. पण मी निघालो. बाजार मागे टाकला, पूल ओलांडला. पुलापलीकडे रस्ता उखडलेला आहे. तिथे मी नेहमी दांड्यांवर उभा राहून गाडी काढायचो. त्या दिवशी बसूनच काढली. गाडी खाली-वर होत होती आणि मी तिच्यावर नुसता बसलो होतो. काही दुखत नव्हतं.

कुणाला बोललो नव्हतो, पण मी मनात एक धरून बसलो होतो. बायको गेली आणि जाताना माझ्या कंबरेत काहीतरी ठेवून गेली. जोवर दुखतंय तोवर ती आहे. दुपारी आडवा पडायचो तेव्हा त्या दुखण्यानेही मला एक प्रकारे बरं वाटायचं. आणि निघाली काय, तर स्प्रिंग. एका पान्याचं काम.

परत आलो तर मेहुणा पायरीवर बसला होता, परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा.

"बघा! आहे की नाही?"

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? ताई असती तर तिनेच..."

"ताईला मधे आणू नकोस."

तो उभा राहिला. "का नको? बहीण होती ती माझी. तुमची एकट्याची नव्हती. तिच्या गाडीवर तुम्ही वर्षभर कण्हत फिरताय, आणि मी आपला बघत बसू? तिला काय वाटलं असतं?"

मला त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. तो खरं बोलत होता म्हणून जास्तच.

तो परत पायरीवर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "चुकलं असेल माझं. परत कसून आणू का? होती त्याच खाचेवर."

मी विचार केला. कसता आली असती. पण आधी कसलेली होती ती मागे बसणाऱ्या माणसासाठी. आता कसली, तर ती माझी हौस म्हणून. बायकोच्या वजनाची जागा सोंगाने कशी भरायची?

"गाडी घेऊन जा," मी म्हणालो.

"मिस्त्रीकडे?"

"तुझ्या घरी. तुम्ही दोघं चालवा. दोघांची गाडी आहे. जाताना शॉक मात्र कसून घे, नाहीतर तुझ्या बायकोला खड्डे लागतील."

"भावोजी, रागाने बोलताय."

"हो."

त्याचे डोळे भरले. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो आणि बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज ऐकला. त्या आवाजाशी आता मला काही देणंघेणं ठेवायचं नव्हतं.

मग एकटाच त्या दुसऱ्या शोरूममध्ये गेलो आणि ती मध्यम गाडी घेतली. त्या मुलीने मला ओळखलं. मागच्या सीटचं नाव तिने काढलं नाही. आरसे माझ्या मापाने लावून दिले, हँडल आणखी थोडं जवळ ओढून दिलं, मनगट दुखतंय का ते विचारलं. नाही दुखत, म्हणालो.

घरी लांबच्या रस्त्याने आलो. नव्या टायरचा वास येत होता. वळण्याचा दिवा आवाज करतो की नाही ते ऐकत होतो. पेट्रोल कुठे भरावं, सीटच्या शिवणीला दोरा कच्चा वापरलाय, पावसाळ्यात उसवेल, असलं काहीबाही मनात येत होतं. मनगट ठीक, गुडघा ठीक, कंबर ठीक. घरी आलो, एका पायाने स्टँड लावला, कुलूप काढलं. चपला काढताना लक्षात आलं, की निघाल्यापासून बायको मला एकदाही आठवली नव्हती.

मी दारातच उभा राहिलो. बाहेर गाडीचं इंजिन गार होताना टिकटिकत होतं.

तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला; शोरूममधून त्याला कळलं असावं. घाबरत घाबरत विचारलं, "कशी आहे, भावोजी, नवी गाडी?"

"कंबर दुखतेय," मी खोटंच सांगितलं.

"नवीन आहे ना," तो म्हणाला. "हळूहळू सवय होईल."

हळूहळू कसली. एका चकरेत झाली होती.