प्रयागबाईंचं बक्षीसपत्र

नारायणगावात आठवडे बाजाराच्या दिवशी अ‍ॅड. आरती भोर यांच्या ऑफिसात गर्दी असायची. मृत्युपत्रं, बक्षीसपत्रं, वारसनोंदी ही त्यांची कामं. अशाच एका बाजाराच्या दिवशी बोरी बुद्रुकचा रामदास आपल्या म्हाताऱ्या आईला, प्रयागबाईंना, घेऊन आला. नवऱ्यानं हयातीतच घर आणि जमीन प्रयागबाईंच्या नावावर करून ठेवली होती.

"सगळं माझ्या नावावर करायचंय, मॅडम. उद्या बहीण वाटा मागायला नको," रामदास म्हणाला.

यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. लेकीचं लग्न लावून दिलं की तिचं संपलं, असंच घरोघर चालत आलं होतं.

"आजी, स्वखुशीनं देताय ना?" आरतीताईंनी विचारलं.

"खुशीनंच देतीय ती," रामदासच बोलला.

प्रयागबाई पदर सारखा करत खाली बघत राहिल्या. आईला हयातभर सांभाळण्याची अट आरतीताईंनी मसुद्यात घातली होती. "आईला सांभाळायला अट कशाला, मॅडम? मी हाय की," असं रामदास म्हणाला आणि त्यांनी ती काढून टाकली. बाहेर माणसं खोळंबली होती. त्याच आठवड्यात बक्षीसपत्राची नोंदणी झाली.

पुढच्या उन्हाळ्यात येडगावहून प्रयागबाईंची लेक द्रौपदा आली.

"दादानं नवं घर बांधलं अन् आईला कांदे साठवायच्या बराखीत टाकलं. शेजारणीचा फोन आला म्हणून गेले, तर पोत्यांमागं तापानं फणफणत पडली व्हती. उचलून माझ्या घरी आणली. मला वाटा न्हाई दिला, त्याचं काय न्हाई. पण तिच्या डोक्यावरचं छप्पर तरी ठेवायचं व्हतं, ताई."

आरतीताई तिच्याबरोबरच येडगावला गेल्या. प्रयागबाई खाटेवर होत्या. अंगात काही उरलं नव्हतं.

"आजी, मंचरला प्रांतसाहेबांकडे अर्ज करू. मुलगा सांभाळत नसेल, तर ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानं बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं."

"लेकाच्या इरोधात उभी ऱ्हाऊ?" प्रयागबाई म्हणाल्या. मग आरतीताईंकडे बघत, "तवा मला एकटीला बाजूला नेऊन इचारलं असतंस, तर सांगितलं असतं बाई. मला दोघांना सारखं द्यायचं व्हतं."

आरतीताईंना मान वर करवेना. आपल्या समोर बसलेल्या कितीतरी आया त्यांना आठवल्या. त्यांच्या वतीनंही मुलगेच बोलले होते, आणि आपण पुढचा माणूस आत बोलावला होता.

"तुम्ही लेकाविरुद्ध बोलू नका," त्या म्हणाल्या. "मी माझ्याविरुद्ध बोलते."

प्रयागबाईंनी अर्जावर अंगठा दिला. मंचरच्या सुनावणीत रामदासनं बक्षीसपत्रावर बोट ठेवलं. सांभाळायची अट कुठं लिहिलीय, असं त्यानं विचारलं.

"अट मी काढली, साहेब," आरतीताई म्हणाल्या. "आईला सांभाळीन, असं यांनी माझ्यासमोर सांगितलं म्हणून काढली. आईला एकटीला बाजूला घेऊन मी विचारलंच नाही. चूक माझी आहे."

"मॅडम, तुमी तर आमच्या वकील व्हता," रामदास म्हणाला.

"हो. म्हणूनच मला माहीत आहे."

बाहेर एका जुन्या सहकाऱ्यानं त्यांना गाठलं. "आता तुमच्याकडे कोण येणार?" आरतीताई फाईल घेऊन चालू लागल्या.

प्रांतांनी बक्षीसपत्र रद्द केलं. निकाल घेऊन आरतीताई येडगावला गेल्या, तेव्हा प्रयागबाईंनी मृत्युपत्र करायला सांगितलं. दोन्ही लेकरांना सारखं.

"मला नको, आई," द्रौपदा म्हणाली. "माझं माहेर तुटंल."

"कंचं माहेर?" प्रयागबाई म्हणाल्या. "मी तर तुझ्याकडंच ऱ्हाते."

द्रौपदा रडली. परतताना आरतीताईंना हलकं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिस बंद ठेवून त्या बक्षीसपत्र करून दिलेल्या बाकीच्या आयांना भेटायला निघाल्या. पहिलं घर कळंबचं होतं. दारात मुलगा आडवा उभा राहिला.

"आई झोपलीय," तो म्हणाला.

"उठेपर्यंत थांबते," असं म्हणून आरतीताई ओट्यावर बसल्या.